स्टेशनापासून धक्क्यापर्यंत

माझं माहेर रेवसजवळचं आणि नोकरी सगळी फोर्टात झाली. त्यामुळे नात्यात कुणालाही मुंबईतून बोट पकडायची असली की फोन मला येतो. "आत्या, सीएसएमटीला उतरलो की बोट किती लांब गं?" असा भाच्याचा प्रश्न असतो, आणि त्यावर मला आधी विचारावं लागतं, "कुठली बोट?" कारण मुंबईत उतारूंच्या बोटी एका जागेवरून सुटत नाहीत. घारापुरीची लाँच आणि मांडव्याची नेहमीची बोट गेटवेवरून. रेवसची, मोऱ्याची बोट आणि गाड्या पोटात घेऊन जाणारी मांडव्याची रो-रो भाऊच्या धक्क्यावरून. गोव्याला, लक्षद्वीपला किंवा परदेशी जाणारं मोठं क्रूझ जहाज बॅलार्ड पियरवरून. म्हणजे मांडव्यालाच दोन वेगळ्या ठिकाणांहून बोटी जातात. तिकिटावर 'मुंबई ते मांडवा' एवढंच वाचून घराबाहेर पडलेला माणूस सामान घेऊन भलत्याच धक्क्यावर उभा राहू शकतो.

ही तिन्ही ठिकाणं शहराच्या पूर्व किनाऱ्यावर आहेत आणि सीएसएमटी स्टेशनापासून कुठलंही चार किलोमीटरपेक्षा लांब नाही. पण किनाऱ्याकिनाऱ्याने एका धक्क्यावरून दुसऱ्यावर जाता येत नाही. गेटवे आणि बॅलार्ड पियर यांच्यामध्ये नौदलाची गोदी आहे. बॅलार्ड पियर आणि भाऊचा धक्का यांच्यामध्ये बंदराच्या गोद्या आणि गोदामं आहेत. चुकीच्या धक्क्यावर गेलं, तर पुन्हा शहरात बाहेर पडायचं, रहदारीतून वळसा घालायचा आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा समुद्राकडे शिरायचं. म्हणून माझं पहिलं सांगणं नेहमी हेच असतं: बोटीची वेळ नंतर बघा, धक्क्याचं नाव आधी विचारून घ्या.

दुसरं सांगणं जरा मोठं आहे, आणि हा लेख त्यासाठीच लिहिते आहे. मुंबईचं बंदर शहरापासून लांब नाही. स्टेशनातून धक्क्याकडे नेणारी शेवटची किलोमीटरभराची वाट मात्र पायी येणाऱ्या माणसाचा विचार करून बांधलेली नाही.

बॅलार्ड पियर: जिथे बोटीला आगगाडी लागत होती

मुंबईचा पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला १८७३ साली. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत पूर्व किनाऱ्यावर एकामागून एक गोद्या उभ्या राहिल्या. प्रिन्सेस डॉक, व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक, म्हणजेच आजचा इंदिरा डॉक. अलेक्झांड्रा डॉक खोदताना निघालेली माती शेजारच्या उथळ समुद्रात टाकली आणि त्या भरावावर बॅलार्ड इस्टेट वसली. पोर्ट ट्रस्टचे पहिले अध्यक्ष कर्नल बॅलार्ड यांचं नाव तिला मिळालं. इमारतींचा आराखडा केला जॉर्ज विटेट यांनी. गेटवे ऑफ इंडिया त्यांचाच.

गोदी म्हणजे कोट्यवधींचा माल. त्याच्या राखणीसाठी उंच भिंत आली, भिंतीला फाटकं आली. या फाटकांना रंगांची नावं आहेत: ग्रीन गेट, रेड गेट, ब्लू गेट, यलो गेट, ऑरेंज गेट, पर्पल गेट. टॅक्सीवाले, गोदी कामगार, ट्रकवाले सगळे याच नावांनी पत्ता सांगतात. भिंतीलगतच्या पी. डिमेलो रस्त्याला ज्यांचं नाव आहे, ते प्लॅसिड डिमेलो हे गोदी कामगारांचेच पुढारी. शहर आणि समुद्र यांच्यामध्ये ही भिंत शंभरहून अधिक वर्षं उभी आहे, आणि मुंबईतल्या पुष्कळ लोकांना आपल्या शहराला पूर्वेकडेही समुद्र आहे हे जाणवतच नाही, याचं कारण ती भिंत आहे.

तरीही त्या काळात प्रवाशाची सोय झाली होती. बॅलार्ड पियरला मोल स्टेशन नावाचं रेल्वे स्टेशन होतं. युरोपची टपाल बोट लागली की तिच्यातले उतारू थेट आगगाडीत बसत. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल अशा बोटींच्या हंगामात या स्टेशनावरून पेशावरकडे निघायची. १९३१ साली दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी डॉ. आंबेडकर 'मुलतान' बोटीने आणि गांधीजी 'राजपुताना' बोटीने गेले ते मुंबई बंदरातूनच. पुढे लोक विमानाने जाऊ लागले, टपाल बोटी थांबल्या, ते स्टेशनही गेलं. माल राहिला आणि माणसं कमी झाली, तशी माणसांची वाटही बंदराच्या नकाशातून पुसट होत गेली.

आता माणसं परत आली आहेत. २०२१ साली मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपच्या देशी क्रूझ सफरी नव्याने सुरू झाल्या आणि आमच्या नात्यातही लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला क्रूझने जाणारी जोडपी निघाली. सप्टेंबर २०२५ मध्ये इंदिरा डॉकवरच्या नव्या मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. चेक-इन आणि इमिग्रेशनसाठी तिथे ७२ काउंटर आहेत आणि वर्षाला १० लाख प्रवासी हाताळण्याची त्याची क्षमता आहे. विमानतळासारखीच सगळी व्यवस्था आहे. सामान आधी द्यायचं, मग तपासणी, मग जहाजात.

तिथे जायचं कसं? सीएसएमटीपासून हे टर्मिनल चालत वीसेक मिनिटांवर आहे. लांब पल्ल्याच्या गाडीने आलात तर अठरा नंबर फलाटाच्या बाजूने पी. डिमेलो रस्त्यावर बाहेर पडता येतं. तिथून उजवीकडे दक्षिणेला वळलं की सेंट जॉर्ज रुग्णालय, पुढे जीपीओची घुमटाची इमारत आणि मग शहीद भगतसिंग रस्ता ओलांडला की बॅलार्ड इस्टेट. सामान थोडं असेल आणि सकाळची वेळ असेल तर ही चाल सुंदर आहे. रस्ते रुंद, झाडं भरपूर, एका उंचीच्या दगडी इमारती. पण चार बॅगा, दोन मुलं आणि आजी बरोबर असतील, तर काळी-पिवळी टॅक्सी करा आणि ड्रायव्हरला 'ग्रीन गेट, क्रूझ टर्मिनल' असं सांगा. नुसतं 'बंदर' किंवा 'डॉक' म्हटलंत तर तो कुठल्याही रंगाच्या फाटकाशी नेऊन सोडू शकतो. पुण्या-नाशिकहून येणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: मुंबई बेटावर रिक्षा चालत नाहीत. शीव आणि वांद्र्याच्या पुढे दक्षिणेला टॅक्सी, बस, लोकल किंवा मेट्रो एवढेच पर्याय.

विमानाने येणाऱ्यांना आता मेट्रो तीनचा मोठा आधार झाला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ही भुयारी मार्गिका कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलपासून सीएसएमटीला गाडी न बदलता येता येतं. पूर्वी विमानतळ ते बॅलार्ड पियर हा प्रवास रहदारीच्या मर्जीवर होता. आता वेळेचा अंदाज बांधता येतो. मात्र जहाज सुटण्याची वेळ आणि चेक-इन बंद होण्याची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रूझचं चेक-इन जहाज सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं. तिकिटावर चेक-इनची जी वेळ छापलेली असते, तीच आपली वेळ समजावी.

गेटवे: सगळ्यांना ठाऊक, तरी विचारून जावं असं

गेटवेबद्दल फार सांगायला नको. चर्चगेटहून किंवा सीएसएमटीहून बस, टॅक्सी मिळते. मेट्रोने हुतात्मा चौकाला उतरलात तर काळा घोडा, वस्तुसंग्रहालय, रीगल असं चालत जाता येतं. १९११ साली राजा पंचम जॉर्ज या किनाऱ्यावर उतरला, त्याची आठवण म्हणून ही कमान उभारली आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी ती खुली झाली. कमान उभी राहण्याआधीही इथे अपोलो बंदर होतंच. दक्षिण आफ्रिकेहून ९ जानेवारी १९१५ ला गांधीजी मायदेशी आले ते याच अपोलो बंदरावर.

इथून निघणाऱ्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात. घारापुरीला जायचं तर वार पाहावा, कारण लेणी सोमवारी बंद असतात. मांडव्याला जायचं तर महिना पाहावा, कारण साधारण मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत या बोटी बंद असतात. आणि सुट्टीच्या दिवशी हाताशी अर्धा तास जास्त ठेवावा, कारण आवारात शिरताना तपासणीची रांग लागते. मांडव्याच्या बऱ्याच तिकिटांत पलीकडून अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. बोट आणि बस एकमेकींसाठी थांबतात, आणि उतरलेला माणूस ताटकळत नाही. मांडव्याच्या बाजूला हे वर्षानुवर्षं सुरळीत चालतं, मग मुंबईच्या बाजूला का चालू नये, हा प्रश्न मला दर खेपेला पडतो.

आणि चौथी गोष्ट जिवाची. १८ डिसेंबर २०२४ च्या दुपारी घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ माणसांचे प्राण गेले. समुद्र त्या दिवशी शांत होता. खलाशी लाइफ जॅकेट पुढे करेल तेव्हा फोटो बिघडतो म्हणून ते बाजूला ठेवू नका. न मागता मिळालं नाही तर मागून घ्या, आणि मुलांच्या अंगात स्वतःच्या हाताने चढवा.

भाऊचा धक्का: आमचा

भाऊच्या धक्क्याबद्दल मी सविस्तर सांगणार आहे, कारण गेटवे पर्यटकांचा, बॅलार्ड पियर बड्या जहाजांचा, आणि हा धक्का आम्हा रायगडच्या माणसांचा.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोकणातून मुंबईला येणाऱ्या उतारूंसाठी नीट धक्का नव्हता. गलबत लांब उभं राहायचं आणि माणसं चिखलपाण्यातून किनाऱ्याला लागायची. लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य या पाठारे प्रभू गृहस्थांनी, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, १८४१ च्या सुमारास भराव घालून धक्का बांधला. तो पहिला धक्का आजच्या जागेच्या दक्षिणेला होता. गोद्या वाढत गेल्या तसा उतारूंचा धक्का माझगावकडे सरकला, पण भाऊंचं नाव लोकांनी सोडलं नाही. सरकारी कागदावर 'फेरी व्हार्फ' असतं. टॅक्सीवाल्याला मात्र भाऊचा धक्काच सांगा.

रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला, पणजी या मार्गावरच्या आगबोटींनी कोकणची माणसं कित्येक वर्षं इथे आणून सोडली. 'कोकणसेवक', 'कोकणशक्ती' ही नावं आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी शेजाऱ्यांच्या नावांइतकी सहज असत. गिरणगावात कामाला आलेला चाकरमानी पहिल्यांदा मुंबईच्या जमिनीवर पाय ठेवायचा तो इथेच. याच धक्क्यावरून १७ जुलै १९४७ ला सकाळी 'रामदास' बोट रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. दिव्याच्या अवसेसाठी घरी निघालेली माणसं होती ती. रेवस, अलिबागच्या गावांनी त्या दिवशी काय पाहिलं ते आमच्या घरात फार बोललं जात नसे, पण त्या अवसेला घरातलं कुणी बोटीत बसत नसे, एवढं मी लहानपणापासून पाहिलं.

आज इथून दोन जुन्या वाटा आणि एक नवी वाट चालू आहे. जुन्या म्हणजे रेवस आणि उरणचं मोरा. या बोटी बंदराच्या आतल्या, त्यातल्या त्यात आडोशाच्या पाण्यातून जातात, म्हणून गेटवेच्या बोटी बंद असतात त्या पावसाळ्यातही बहुतेक दिवस चालू राहतात. नवी वाट म्हणजे मार्च २०२० मध्ये सुरू झालेली मांडव्याची रो-रो. रस्त्याने शंभर किलोमीटरहून लांब पडणारं मांडवा ती तासाभरात गाठते, आणि आपली गाडीही बरोबर येते. देशी क्रूझसाठीचं टर्मिनलही जवळच, पर्पल गेटकडे आहे. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर सुरू झालेलं 'आंग्रिया' जहाज तिथूनच सुटायचं; आताची गोव्याची क्रूझ मात्र बॅलार्ड पियरवरूनच.

रेवस आणि मोऱ्याच्या बोटींचं वेळापत्रक मात्र छापील कागदावर पूर्ण समजत नाही, ते चंद्रावर समजतं. दोन्हीकडे गाळ साचलेला आहे, त्यामुळे मोठ्या ओहोटीला बोट धक्क्याला लागू शकत नाही आणि फेऱ्या थांबतात. आमच्याकडे कोळी आणि खलाशी भरतीची वेळ तोंडी काढतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पुनवेला आणि अवसेला बाराच्या आसपास. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. भरतीनंतर साधारण सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने पुढेमागे होतो, पण बेत आखायला पुरतो. पुनवेच्या आणि अवसेच्या उधाणात पाणी जितकं चढतं तितकंच खाली उतरतं, म्हणून त्या दिवसांत सकाळी सहाच्या किंवा संध्याकाळी सहाच्या बोटीवर विसंबून राहू नये. घरातलं कॅलेंडर काढा, तिथी पाहा आणि मग निघा.

आता धक्क्यावर पोचण्याचं. जवळचं स्टेशन डॉकयार्ड रोड. सीएसएमटीहून हार्बरची गाडी धरायची, मस्जिद, सँडहर्स्ट रोड आणि तिसरं डॉकयार्ड रोड. मध्य रेल्वेच्या धिम्या गाडीने येणाऱ्यांनी सीएसएमटीपर्यंत जायची गरज नाही. सँडहर्स्ट रोडला खाली उतरायचं, जिना चढून वरच्या हार्बरच्या फलाटावर यायचं आणि एक स्टेशन उलटं जायचं. अंधेरी-गोरेगावकडच्यांना सीएसएमटीची हार्बर गाडी वडाळामार्गे थेट आणून सोडते. रविवारी मात्र मेगाब्लॉक पाहूनच निघावं.

स्टेशनाबाहेरची चाल एक-सव्वा किलोमीटरची आहे आणि खरी अडचण इथे सुरू होते. फ्रीवेच्या खालून, पी. डिमेलो रस्त्यावरच्या ट्रकांमधून वाट काढत समुद्राकडे जायचं. पदपथ तुटक. जिथे आहे तिथे गाड्या लागलेल्या. धक्क्यावर पहाटे मासळीचा मोठा बाजार भरतो. ट्रॉलर खाली होत असतात, बर्फाच्या लाद्या ओढणाऱ्या हातगाड्या, टोपल्या घेतलेल्या कोळणी, लिलावाचा गलका, आणि या सगळ्यातून बॅग डोक्यावर घेतलेले उतारू. बाजार हा धक्क्याचा जीव आहे आणि त्याची जागा तिथेच आहे. माझी तक्रार बाजाराबद्दल नाही. पण म्हाताऱ्या माणसाला, पोटुशीला, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला स्टेशनापासून बोटीच्या फळीपर्यंत कुणाचा हात न धरता जाता येईल अशी चार फूट रुंदीची वाट असू नये, हे पटत नाही. बेस्टची बस धक्क्यापर्यंत जाते, पण ती बोटीच्या वेळेशी जुळलेली नाही.

मागणी काय आहे

मोठी कामं होत आहेत. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, त्याच दिवशी उरणची लोकल सुरू झाली आणि मोऱ्याच्या बोटीची गर्दी कमी झाली. गेटवेजवळ रेडिओ क्लबपाशी नव्या जेट्टीचं काम हाती घेतलं आहे. वडाळ्याहून गेटवेपर्यंत मेट्रो अकराला राज्य मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आहे. या सगळ्याचं मी मनापासून स्वागत करते. पण ही कामं पुरी व्हायला वर्षं लागतील, आणि बोट रोज सुटते आहे.

मला हव्या आहेत त्या तीन साध्या गोष्टी. सीएसएमटी, चर्चगेट आणि डॉकयार्ड रोड या स्टेशनांत मराठीत ठळक पाट्या, ज्यांवर कुठली बोट कुठल्या धक्क्यावरून सुटते आणि तिथे कसं जायचं हे लिहिलेलं असेल. डॉकयार्ड रोड ते भाऊचा धक्का सलग, सपाट, उजेडाचा पदपथ. आणि सीएसएमटीहून तिन्ही धक्क्यांना जोडणारी एक छोटी बस, जी घड्याळाबरोबर बोटींच्या वेळाही पाहील.

तुम्ही या धक्क्यांवरून जात असाल तर ही मागणी लेखी करा. दोन ठिकाणी अर्ज द्यावा लागतो, कारण स्टेशनाबाहेरचा रस्ता महापालिकेकडे आणि फाटकाच्या आतली जमीन मुंबई बंदर प्राधिकरणाकडे आहे. गेटवे आणि बॅलार्ड पियरसाठी ए वॉर्ड, डॉकयार्ड रोडसाठी ई वॉर्ड. दोन्ही अर्जांना एकमेकांची प्रत जोडा आणि पोच घ्या.